स्नोमोबाइलचे हँडल आपोआप का ओढले जाते? ‘डार्टिंग’ म्हणजे काय आणि स्की कशा सेट करतात

दाबून सपाट केलेल्या बर्फाच्या वाटेवर स्नोमोबाइल सरळ चालली आहे. हँडलही सरळ आहे. तरी पुढचा भाग अचानक डावीकडे सरकतो. चालक सावरेपर्यंत तो उजवीकडे ओढला जातो. अमेरिका आणि कॅनडातले चालक याला ‘डार्टिंग’ म्हणतात. ताशी २० किलोमीटर वेगाला याचा नुसता वैताग येतो. ताशी ८० किलोमीटरला, कडेला झाडे आणि समोरून दुसरी गाडी येत असेल, तर तोच प्रकार जीवावर बेतू शकतो.

डार्टिंग हा बहुतेक वेळा गाडीतला कायमचा दोष नसतो. स्कीची दिशा, त्यांच्या तळाची पट्टी आणि त्यांच्यावर येणारे वजन यांचा मेळ बिघडला की तो सुरू होतो. हा मेळ घरच्या गॅरेजमध्येही पुष्कळ अंशी बसवता येतो. फक्त क्रम चुकवायचा नाही.

स्नोमोबाइल वळते कशी?

स्नोमोबाइलला चाके नसतात. मागे रबराचा रुंद पट्टा फिरतो, त्याला ट्रॅक म्हणतात. हा ट्रॅक गाडीला पुढे ढकलतो. पुढे दोन स्की असतात आणि हँडल फिरवले की त्या वळतात. कॅनडातील क्वेबेकचे जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आणली आणि एक-दोन माणसांची हलकी स्नोमोबाइल घरोघरी पोहोचली. तेव्हापासून पुढे स्की आणि मागे ट्रॅक ही रचना मूळात तीच आहे.

आजच्या बहुतेक स्की प्लॅस्टिकच्या असतात. नुसते प्लॅस्टिक कडक बर्फावर घसरेल, म्हणून स्कीच्या तळाशी मधोमध पोलादी पट्टी बसवतात. तिला ‘वेअर बार’ म्हणतात. या पट्टीच्या खालच्या कडेत टंगस्टन कार्बाइडचे तुकडे असतात. लेथ मशीनवर धातू कापणाऱ्या टूलच्या टोकाला लागतो, तोच हा अतिकठीण पदार्थ. ही धार बर्फात रुतते आणि गाडी वळते.

मग गाडी भरकटते का?

मराठीत ‘चाकोरी’ हा शब्द मुळात बैलगाडीच्या चाकांनी रस्त्यावर पाडलेल्या खाचेचा. एकदा चाक चाकोरीत गेले की गाडीवान कितीही ओढो, गाडी चाकोरीनेच जाते. बर्फाच्या वाटेवर नेमके हेच होते. पुढे गेलेल्या प्रत्येक स्नोमोबाइलची कार्बाइडची धार कडक बर्फात एक बारीक चर पाडते. दुपारपर्यंत वाटेवर अशा चरांचे जाळे तयार होते. मागून येणाऱ्या गाडीची धार त्यातल्या एखाद्या चरात पडली की स्की त्या चराच्या दिशेने ओढली जाते. चर संपला की ती दुसऱ्या चरात उडी घेते. हीच डार्टिंगची मुळातली यंत्रणा.

त्यामुळे ताज्या, भुसभुशीत बर्फात डार्टिंग जवळजवळ जाणवत नाही. रहदारीच्या, गोठून टणक झालेल्या वाटांवर ते सर्वांत जास्त असते. एकट्या क्वेबेकमध्ये स्नोमोबाइलसाठी राखलेल्या वाटांचे जाळे ३०,००० किलोमीटरहून मोठे आहे. अशा वाटा यंत्राने वेळोवेळी सपाट करतात, कारण चर बुजले की निम्मी अडचण संपते. उरलेली निम्मी गाडीत असते.

पायरी १: आधी ढिलाई शोधा

सांध्यात ढिलाई असेल तर पुढची सगळी मापे खोटी ठरतात. इंजिन बंद, किल्ली बाहेर, आणि गाडीचा पुढचा भाग भक्कम स्टँडवर, अशी सुरुवात करावी. मग प्रत्येक स्की पुढच्या टोकाला धरून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवावी. कुठे खडखड होते ते पाहावे:

- स्की ज्या बोल्टवर बसते तिथले बुश
- स्कीला वळवणाऱ्या उभ्या दांड्याचे, म्हणजे स्पिंडलचे बुश
- टाय रॉडच्या दोन्ही टोकांचे गोळ्याचे सांधे
- हँडलपासून खाली येणाऱ्या स्टिअरिंग पोस्टचा खालचा आधार

झिजलेला भाग आधी बदलावा. स्टिअरिंगच्या सांध्यांतले नायलॉक नट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत, नवीनच लावावेत. वेअर बार वाकडी झाली आहे का, हेही इथेच तपासावे. दगडावर आपटून वाकलेली पट्टी गाडीला सतत एका बाजूला ओढते.

पायरी २: दोन्ही स्कींची दिशा

कारची ‘व्हील अलाइनमेंट’ करतात तशीच ही स्कींची अलाइनमेंट. स्कींची पुढची टोके एकमेकींकडे झुकलेली असतील तर ‘टो-इन’, बाहेरच्या बाजूला उघडलेली असतील तर ‘टो-आउट’. बहुतेक स्नोमोबाइलना शून्य ते सुमारे ६ मिलिमीटर टो-आउट लागते. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्यावा.

टो-इन का नको? समजा, उंचवट्यामुळे क्षणभर उजव्या स्कीवर जास्त वजन आले. टो-इन असेल तर ती स्की डावीकडे पाहत असते, म्हणून गाडी डावीकडे वळते. डावीकडे वळताना वजन बाहेरच्या, म्हणजे पुन्हा उजव्याच स्कीवर जाते आणि गाडी आणखी डावीकडे खेचली जाते. छोटा धक्का असा वाढतच जातो. टो-आउट असेल तर उजवी स्की गाडीला उजवीकडे नेते, वजन डाव्या स्कीवर सरकते, आणि ती गाडीला परत सरळ आणते. पण टो-आउट फार झाले तर दोन्ही धारा बर्फ खरवडत राहतात, हँडल जड होते आणि कार्बाइड लवकर झिजते.

मोजण्याची पद्धत अशी:

१. गाडी सपाट जमिनीवर ठेवावी. स्की मोकळेपणी सरकाव्यात म्हणून खाली पुठ्ठा घालावा. हँडल बरोबर मध्यावर आणून बांधून ठेवावे.

२. दोन्ही स्कींच्या पुढच्या टोकांभोवती रबरी दोरी ताणून बांधावी. सांध्यांतली उरलीसुरली सैल जागा एकाच बाजूला जाते आणि माप स्थिर येते.

३. एक लांब, सरळ पट्टी ट्रॅकच्या कडेला टेकवून पुढे स्कीपर्यंत न्यावी. या पट्टीपासून वेअर बारचे अंतर दोन ठिकाणी मोजावे: स्कीच्या बोल्टच्या पुढे सुमारे २५ सेंटिमीटरवर आणि मागे तितक्याच अंतरावर.

४. पुढचे अंतर मागच्यापेक्षा जितके जास्त, तितकी ती स्की बाहेर उघडलेली. दुसऱ्या बाजूलाही तसेच मोजावे. एकूण ६ मिलिमीटर हवे असतील तर प्रत्येक स्कीच्या वाट्याला ३ येतात.

५. फरक असेल तर टाय रॉडचे चेक नट सैल करून रॉड थोडा थोडा फिरवावा. दोन्ही टोकांपैकी एकाचे आटे बहुधा उलटे असतात, म्हणून रॉड फिरवला की लांबी बदलते. सांध्याचे पुरेसे आटे रॉडच्या आत राहिलेच पाहिजेत.

६. नट आवळून पुन्हा मोजावे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून काही अडकत नाही ना, ते पाहावे.

दोन्ही स्की वेगवेगळ्या मोजणे महत्त्वाचे. फक्त दोन टोकांमधले अंतर मोजले तर एकूण आकडा बरोबर येतो, पण हँडल वाकडे राहू शकते.

पायरी ३: तळाची धार

नवी, लांब आणि टोकदार कार्बाइडची पट्टी बसवली की वळणे छान घेता येतात, पण तीच धार चरांमध्येही जास्त अडकते. उलट झिजून गोल झालेली धार पकडच घेत नाही. हँडल वळवूनही गाडी सरळ घसरत जाते. म्हणून सर्वांत आक्रमक पट्टी ही सर्वांत चांगली पट्टी असतेच असे नाही.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे जोडधारेची पट्टी. तिच्यावर एकाऐवजी दोन समांतर धारा असतात. एकेरी धारेने पाडलेला चर अरुंद असतो, त्यामुळे दोन धारा चराच्या दोन्ही कडांवर टेकतात आणि स्की आत पडतच नाही. अशी पट्टी महाग असते, पण कडक वाटांवर रोज फिरणाऱ्यांना तिचा फरक लगेच जाणवतो. खोल, भुसभुशीत बर्फात मात्र तिचा फारसा उपयोग नाही.

पायरी ४: स्कीवर वजन किती?

स्कीवर वजन जास्त झाले की धार खोल रुतते. मग हँडल जड होते आणि डार्टिंग वाढते. वजन फार कमी झाले की गाडी वळणावर बाहेर घसरते. हा तोल तीन ठिकाणी बदलता येतो:

- पुढच्या स्प्रिंग: प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, कमी केला की स्कीवरचा दाब कमी होतो.
- ट्रॅकच्या आतली पुढची स्प्रिंग: हिचा ताण वाढवला की गाडीचे नाक थोडे उचलले जाते आणि स्की हलक्या होतात.
- लिमिटर स्ट्रॅप: ट्रॅकच्या सस्पेंशनचा पुढचा भाग किती खाली उतरेल हे ठरवणारा पट्टा. तो आखूड केला की वजन स्कीवर येते, लांब केला की कमी होते.

एका वेळी एकच गोष्ट, तीही थोडीशीच बदलावी आणि चालवून पाहावे. तिन्ही एकदम फिरवल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

पायरी ५: स्कीखालची पॅकिंग

स्पिंडल आणि स्की यांच्यामध्ये रबराचा ठोकळा असतो. दाब धारेच्या पुढच्या भागावर जास्त पडत असेल तर स्की चंचल होते. सामानाच्या ट्रॉलीचे पुढचे चाक आठवावे: ते आपल्या खिळीच्या मागे घासत येते, म्हणून आपोआप सरळ राहते. स्कीचेही तसेच. ठोकळ्याच्या मागच्या बाजूला सुमारे ३ मिलिमीटरची पॅकिंग, म्हणजे शिम, घातली की स्कीची शेपटी खाली दबते आणि दाब मागे सरकतो. अलाइनमेंट आणि वजन जमवूनही त्रास उरला, तरच हा उपाय करावा.

लक्षणावरून निदान

- सतत एकाच बाजूला ओढते: वाकलेली पट्टी किंवा चुकलेली अलाइनमेंट
- दोन्ही बाजूंना उड्या मारते, हँडल हलके: सांध्यातली ढिलाई किंवा टो-इन
- दोन्ही बाजूंना ओढते, हँडल जड: स्कीवर जास्त वजन
- वळवले तरी सरळ जाते: झिजलेले कार्बाइड किंवा स्कीवर कमी वजन

चालवताना काय करावे?

डार्टिंग सुरू झाले की हँडल आवळून धरण्याची इच्छा होते, पण प्रत्येक झटक्याला उलट झटका दिला तर डोलणे वाढते. हँडल ठाम पण सैल हातांनी धरावे. थ्रॉटल एकदम सोडला की वजन पुढे स्कींवर येते आणि ओढ वाढते, म्हणून वेग सावकाश कमी करावा. शक्य तिथे चरांतून बाहेर, ताज्या बर्फावर यावे, पण आपली बाजू सोडू नये. अ‍ॅडजस्टमेंटनंतरची पहिली चाचणीही मोकळ्या जागी, कमी वेगातच घ्यावी.

महाराष्ट्रातून गुलमर्गला जाणाऱ्या पर्यटकांचाही या गाडीशी संबंध येतो. भाड्याच्या गाडीला कोणी पाना लावणार नाही, पण बसण्याआधी दोन गोष्टी पाहता येतात: हँडल सरळ असताना दोन्ही स्की सरळ आहेत का, आणि हाताने हलवल्यावर त्या खडखडतात का. यांपैकी काही खटकले तर दुसरी गाडी मागावी.