तुटलेला चिमटा

माझ्या फ्रेंच सासरी ‘प्यूजो’ हे नाव आधी कॉफीच्या चक्कीवर दिसलं, सायकलवर नंतर. दू नदीकाठच्या या घराण्याने 1810 मध्ये धान्याच्या गिरणीत पोलादाचा कारखाना सुरू केला. त्या पोलादातून करवती झाल्या, छत्रीच्या काड्या झाल्या, घेरदार झग्यांच्या आतली कडीसुद्धा झाली. 1882 मध्ये आर्मां प्यूजोने भल्यामोठ्या पुढच्या चाकाची सायकल बनवली.

सासऱ्यांची आजी प्यूजोच्या बोलिओ इथल्या सायकल कारखान्यात चाकांना तारा भरायची. 1905 ते 1908, सलग चार वर्षं टूर द फ्रान्स प्यूजोच्याच स्वारांनी जिंकली होती. पण आजी नातवंडांना सांगायची ती गोष्ट 1913 ची.

यूजेन क्रिस्तोफ प्यूजोच्या चमूतला. पिरेनीजमधला बायोन ते ल्युशों हा 326 किलोमीटरचा टप्पा. तूर्मालेचा घाट उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला. नियम असा, की दुरुस्ती ज्याची त्याने करायची, दुसऱ्याचा हात लागता कामा नये. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरहून जास्त चालला आणि सांत-मारी-द-कांपां गावात लोहाराकडे पोचला. तरुणपणी तो कुलपं बनवायला शिकला होता, त्यामुळे आगीची आणि लोखंडाची त्याला सवय होती. पंच बाजूला उभे. एका पोराने तेवढा भाता हलवला, म्हणून दहा मिनिटांचा दंड! पुढे तो तीन मिनिटांवर आणला. जवळपास चार तास गेले, तरी क्रिस्तोफ पुन्हा सायकलवर बसला आणि पॅरिसमध्ये एकूण सातवा आला.

त्या वर्षी जिंकलेला फिलिप तीसही प्यूजोचाच. कंपनीच्या दृष्टीने ते विजयाचं वर्ष. आजीच्या मनात मात्र तो चिमटा राहिला. तो आपल्यापैकीच कुणाच्या तरी हातून तयार झाला असणार, असं ती म्हणायची. विजेत्यांच्या याद्या पुस्तकांत सापडतात. कारागिराच्या मनाला लागलेलं हे शल्य मला फक्त तिच्या नातवाकडून कळलं, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. 1919 मध्ये शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी घालणारा पहिला स्वार क्रिस्तोफच. त्याही शर्यतीत त्याचा चिमटा तुटला, आणि हातात आलेली टूर गेली.

सासऱ्यांच्या स्वतःच्या आठवणी बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्यापांढऱ्या चौकटींच्या जर्सीच्या. ती 1963 पासूनची. तीच जर्सी घालणाऱ्या चमूचा टॉम सिम्पसन जुलै 1967 मध्ये मों व्हांतूच्या चढावर कोसळून मरण पावला. त्याबद्दल सासरे फार बोलत नसत. 1975 बद्दल मात्र भरभरून! प्रा-लूच्या चढावर बर्नार तेवेनेने एडी मर्क्सला मागे टाकलं, पिवळी जर्सी मिळवली आणि शाँझेलिझेवर संपलेली पहिली टूर प्यूजोच्या सायकलवर जिंकली. त्याच मर्क्सने 1966 मध्ये मिलान-सान रेमो जिंकली तेव्हा त्याच्याही अंगावर हीच चौकटींची जर्सी होती. “तोही आधी आपल्याकडचाच,” असं सासरे दर वेळी न चुकता सांगत.