बोटीवर कोणत्या वयाची माणसे होती? कोकणच्या आगबोटी आणि चाकरमान्यांचे आयुष्य

आजचा धागा पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाचकांना काहीसा अनपेक्षित वाटेल. आपल्या पट्ट्यापासून समुद्र शंभरएक किलोमीटर दूर आहे. आपली पवना आणि इंद्रायणी तर सह्याद्रीत उगम पावून समुद्राकडे पाठ फिरवतात आणि थेट पूर्वेकडे चालू लागतात. तरीही भोसरी, आकुर्डी, निगडी येथील अनेक घरांच्या दोन-तीन पिढ्यांमागे एक आगबोट उभी आहे.

हल्ली लहान जहाजांवरून उष्ण कटिबंधातील सागरसफरी काढणाऱ्या कंपन्या एक प्रश्न आवर्जून विचारात घेतात: आपल्या जहाजावर कोणत्या वयाचे प्रवासी येतात? निवृत्त जोडपी किती, तरुण किती, मुलाबाळांची कुटुंबे किती? यावरून त्यांचे जेवण, करमणूक आणि भाडे ठरते.

हाच प्रश्न मुंबईहून गोव्यापर्यंत बंदरे घेत जाणाऱ्या कोकणच्या बोटींना विचारला, तर जे उत्तर मिळते ते थेट मुंबईच्या गिरण्यांपर्यंत जाते. उष्ण कटिबंधातील समुद्र तोच, जहाजेही लहानच. फक्त त्या जहाजांवर सहलीला आलेला माणूस शोधून सापडला असता.

प्रथम बोटीची थोडी ओळख. एकोणिसाव्या शतकात शेपर्ड कंपनीच्या आणि पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी या किनाऱ्यावर धावू लागल्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि मग पणजी, अशी बंदरांची माळ होती. पुष्कळ ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकी, आणि उतारूंना पडावांतून किंवा होड्यांतून तिच्यापर्यंत नेत. हलणाऱ्या पडावातून हलणाऱ्या बोटीत चढायचे, तेही काखेत मूल आणि डोक्यावर ट्रंक घेऊन! सत्तरीच्या आजीला खलाशी दोन्ही दंडांना धरून वर ओढून घेत.

वर मोजक्या केबिनी, त्याखाली अपर डेक, आणि सर्वांत खाली लोअर डेक. सामान्य चाकरमानी डेकवर वळकटी पसरून जागा धरी. एकदा वळकटी पसरली की तेवढ्या चौकोनात त्याचे घर झाले.

येथे भाषेचा एक लहानसा पुरावा नोंदवावासा वाटतो. प्रवासात मळमळू लागले की आपण ‘गाडी लागली’ म्हणतो. कोकणात त्याच चालीवर ‘बोट लागली’ म्हणतात. हे लागणे वय पाहत नसे. लिंबू हुंगत बसलेली म्हातारी आणि तिच्या मांडीवर डोके टाकून पडलेला नातू, दोघांचीही अवस्था सारखीच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बोटीवर वयाची सरमिसळ कशी होती?

याचे उत्तर शोधायचे तर मुंबईची खानेसुमारी उघडावी लागते. १९२१ साली मुंबईत दर हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया होत्या. त्याच सुमारास मुंबईत राहणाऱ्या, पण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या माणसांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. (तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येई. तो वेगळा जिल्हा झाला १९८१ साली.) उलट रत्नागिरीत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक होत्या. याचा अर्थ असा की, कमावत्या वयाचा पुरुष परळ-लालबागच्या गाळ्यांत, आणि त्याची आई, बायको, मुले शेतावर. कुटुंब एकच, पण वयानुसार दोन ठिकाणी विभागलेले. या दोन तुकड्यांना जोडणारा दोरा म्हणजे बोट.

म्हणूनच बोटीवरील वयोमान दिशेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे पालटत असले पाहिजे, असे माझे मत आहे. एकाच माणसाचे आयुष्य बोटीच्या फेऱ्यांत मांडून पाहा.

पहिली फेरी मिसरूड फुटण्याच्या वयात, मुंबईकडे. सोबत गावचा कोणी काका किंवा मामा, जो त्याला गिरणीत ‘बदली’ म्हणून चिकटवणार. दुसरी फेरी चार-पाच वर्षांनी, उलट दिशेने, लग्नासाठी, बहुधा मे महिन्यात. मग वर्षा-दोन वर्षांतून शिमग्याला किंवा मेमध्ये गावी, आणि रजा संपली की परत. क्वचित बायको काही महिने मुंबईस येई, पण बाळंतपणाला बहुधा कोकणातच परते. मूल काही महिन्यांचे असतानाच त्याची पहिली बोटयात्रा होई. आणि शेवटची फेरी हात थकले, खोकला जडला की गावाकडे. त्या फेरीचे परतीचे तिकीट नसे.

यावरून दिसते की मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या बोटीवर एकाच वेळी नवरदेव, गर्भारशी, तान्ही मुले आणि थकलेले कामगार असत. ऑक्टोबरनंतर किंवा जूनच्या तोंडावर उत्तरेकडे जाणाऱ्या बोटीवर मात्र तरुणांची दाटी होई. आजच्या सफरीच्या जहाजावर प्रवासी आपल्या वयाला मानवेल अशी सहल निवडतो. कोकणच्या बोटीवर माणूस कोणत्या वयात चढणार हे गिरणीची गरज आणि शेताची ऐपत ठरवीत असे.

पावसाळ्यात सारेच थांबे. जूनपासून समुद्र खवळला की लांब पल्ल्याच्या बोटी बंद होत, आणि कोकण मुंबईपासून तुटे. मग घाट चढून देशावर यायचे.

या तुटण्याची झळ बसलेला एक सतरा वर्षांचा मुलगा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. धोंडो केशव कर्वे, दापोलीजवळच्या मुरुडचे. १८७५ साली त्यांना मराठी सहावीची परीक्षा द्यायची होती. पावसाळी दिवसांत समुद्रमार्गे मुंबई गाठणे शक्य नव्हते, म्हणून ते सोबत्यांसह सातारा येथील केंद्राकडे पायी निघाले. सुमारे सव्वाशे मैलांची वाट, डोक्यावर पाऊस आणि मध्ये सह्याद्री! तेथे पोहोचल्यावर त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. कारण काय? परीक्षेस सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते, आणि लहानखुऱ्या चणीमुळे धोंडो तेवढे दिसत नव्हते. पुढे महर्षी झालेल्या आणि वयाची शंभरी ओलांडलेल्या या माणसाला एकदा ‘वय कमी दिसते’ म्हणून परत पाठवले गेले होते.

वय ‘दिसण्यावर’ ठरवण्याचा हा प्रकार बोटीवरही होता, आणि तेथे त्याचे परिणाम अधिक गंभीर होते. इंग्रजी अमदानीत देशी उतारूंच्या जहाजांसाठी जे कायदे झाले, त्यांत उतारूंची गणती करताना एक ते बारा वर्षांची दोन मुले मिळून एक उतारू धरला जाई. एक वर्षाखालचे मूल उतारूच नव्हे! जागेच्या हिशेबाने हे समजण्यासारखे आहे. दोन मुलांना एका माणसाची जागा पुरते. पण बुडणाऱ्या जहाजावर अर्धे मूल नसते. जीवरक्षक साधने जर उतारूंच्या या आकड्यावरून मोजली, तर कमी कोणाला पडणार, हे वेगळे सांगायला नको.

८ नोव्हेंबर १८८८. शेपर्ड कंपनीची ‘वैतरणा’ ही आगबोट कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘विजळी’ म्हणत. वाटेत तिने द्वारका येथे उतारू घेतले. बोटीवर लग्नाची वऱ्हाडे होती, आणि मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थीही होते. वऱ्हाड म्हणजे आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सर्व वये एकत्र. विद्यार्थी म्हणजे अनेक घरांची पंधरा-अठरा वर्षांची आशा. वादळात बोट नाहीशी झाली. ना सांगाडा सापडला, ना कोणी वाचले. सातशेहून अधिक माणसे गेली असे सामान्यतः धरले जाते. चौकशी झाली, आणि बोटीवर सुरक्षेची साधने पुरेशी नव्हती हे नोंदले गेले. गुजरातच्या किनाऱ्यावर तिची आठवण लोकगीतांतून टिकली.

कोकणच्या वाट्याचे दुःखही कमी नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या.

आणि मग ‘रामदास’. स्वदेशीच्या प्रेरणेतून निघालेल्या, लोकांच्या तोंडी ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून रुळलेल्या कंपनीची ही बोट, बांधणी १९३६ ची. १७ जुलै १९४७ च्या सकाळी आठच्या सुमारास ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. पाऊस कोसळत होता. गटारी अमावस्येचे दिवस असल्याने घरी जाणाऱ्यांची गर्दी होती. काशाच्या खडकाजवळ लाटेने बोट कलली, उतारू एका बाजूस धावले आणि काही क्षणांत ती उलटली. बिनतारी यंत्रणा नसल्यामुळे मुंबईला तासन्‌तास पत्ताच नव्हता. मदतीस प्रथम धावले ते समुद्रात असलेले कोळी बांधव. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर होते.

रामदासच्या मृतांचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा आढळतो. तरुण अभ्यासकांनी अशा वेळी ‘खरा आकडा कोणता’ एवढाच प्रश्न न विचारता, तो कशावरून मोजला हेही विचारावे. विकलेल्या तिकिटांवरून माणसे मोजली की कडेवरची मुले सुटतात, घाईत चढलेले सुटतात. ज्यांचे कोणी विचारायला आले नाही तेही सुटतात.

पुढचा भाग थोडक्यात. स्वातंत्र्यानंतर ‘रोहिणी’, ‘चंद्रावती’, ‘सरिता’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे कोकणी घरांत नातेवाइकांसारखी घेतली जात. १९७३ साली तर कोकणची प्रवासी जहाजे सरकारने ताब्यात घ्यावीत म्हणून संसदेत स्वतंत्र कायदा झाला. परंतु तोवर खाड्यांवर पूल होत होते, रस्ता सुधारत होता, आणि १९४८ साली सुरू झालेली एसटी गावागावांत पोहोचत होती. बोट बंदरात सोडते, एसटी वाडीच्या तोंडाशी. म्हाताऱ्या माणसाने काय निवडावे? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही सेवा संपली. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि तो विषयच मिटला.

या बोटींविषयी आज जे लिहिले जाते त्यात चांदणे, डॉल्फिन आणि डेकवरची भजने यांची रेलचेल असते. ते खोटे नव्हे. पण ते बहुधा त्या काळी दहा-बारा वर्षांच्या असलेल्या मुलांचे स्मरण आहे. त्यांच्या वाट्याला अर्धे तिकीट आणि पूर्ण मौज आली. त्याच डेकवर बसलेल्या त्यांच्या आईला विचारले असते, तर वर्णन निराळे झाले असते.

आता पुन्हा आपल्या पट्ट्याकडे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे एमआयडीसी, बजाज, टेल्को आले, आणि कोकणी तरुणाला मुंबईखेरीज दुसरा पत्ता मिळाला. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. पुष्कळ कामगार चाळिशी-पन्नाशीतच गावी परतले. ज्या वयात कोणी परतत नसे, त्या वयात! त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह आवरावा. पण ज्या घरांनी दोन्ही अनुभवल्या, त्यांच्यासाठी त्या एकाच गोष्टीचे दोन भाग होते.

आज चाकणच्या भाड्याच्या खोल्यांत वय तेच आहे, विशी-पंचविशीचे. जिल्हे आणि राज्ये मात्र पालटली आहेत. वल्लभनगरच्या एसटी स्थानकात सणाच्या आदल्या रात्री उभे राहा आणि गाडीत चढणाऱ्यांची वये पाहा. सण आटोपल्यावर येणाऱ्या गाडीतूनही उतरणाऱ्यांची वये पाहा. एसटी तर आजही वय मोजतेच. लहान मुलाचे अर्धे तिकीट आहेच, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात मोफत प्रवास आहे. बोटीच्या काळी म्हातारपणाला अशी सवलत नव्हती.

२०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ नावाचे प्रवासी जहाज सुरू झाले. तेव्हा कोकणच्या बोटीचे पुनरागमन म्हणून त्याचे पुष्कळ कौतुक झाले. पण ते ना हर्णैला थांबे, ना देवगडला. त्यावर चढणारा प्रवासी गोव्याला जाण्यासाठी नव्हे, तर जहाजावर असण्यासाठी पैसे देत होता.

आपल्या घरात कोणी कोकणच्या बोटीने प्रवास केला असेल, तर त्यांना आठवण विचारताना तीन गोष्टी लिहून घ्या: चढण्याचे बंदर, साल, आणि तेव्हाचे त्यांचे वय. चौथी विचारता आली तर सोबत कोण होते, हेही. उत्तरे खाली प्रतिसादांत नोंदवा. पुरेशी जमली की त्यांवर पुढचा धागा लिहीन.