पथ्याची वही

वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. इन्शुलिनची कथाही तशीच सांगितली जाते. टोरांटो विद्यापीठातील प्रयोगशाळा, १९२१ चा उन्हाळा, फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग, प्राध्यापक मॅक्लाउड यांची देखरेख, जेम्स कॉलिप यांनी केलेले अर्काचे शुद्धीकरण हे त्या कथेचे टप्पे. लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ११ जानेवारी १९२२ रोजी टोचलेला पहिला अर्क अशुद्ध निघाला; २३ जानेवारीपासून दिलेल्या शुद्ध अर्काने त्याच्या रक्तातील साखर उतरली. पुढच्याच वर्षी बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोध पूर्ण झाला म्हणून कथाही तेथे थांबते. लेनर्ड मात्र १९३५ पर्यंत जगला. त्या तेरा वर्षांत तो रोज काय खात होता, सुई कोण टोचत होते, कामावर जाताना तो सोबत काय नेत होता, हे प्रश्न त्या कथेत उपस्थितच होत नाहीत.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. इन्शुलिनने मधुमेह बरा केला नाही. लहान वयात मधुमेह जडलेले मूल त्यापूर्वी काही महिन्यांत, फार तर दोन-तीन वर्षांत दगावत असे. इन्शुलिनमुळे मूल वाचले आणि आजारही राहिला. म्हणजे ज्याला आपण जुनाट आजार म्हणतो, तो या मुलांच्या बाबतीत वैद्यकाच्या यशातूनच जन्माला आला. मृत्यू टळला आणि त्याच्या जागी एक दिनक्रम आला. हा दिनक्रम चालवणे हे डॉक्टरांचे काम नव्हते. ते रुग्णाचे आणि त्याच्या घराचे काम होते. जुनाट आजाराचा खरा इतिहास शोधायचा असेल तर प्रयोगशाळेच्या नोंदवहीइतकीच स्वयंपाकघरातील वही वाचली पाहिजे, असे मला वाटते.

आपल्याकडे या दिनक्रमाला फार जुना शब्द आहे: पथ्य. ‘पथिन्’ म्हणजे मार्ग. त्या मार्गापासून न ढळलेले ते पथ्य. चरकसंहितेने प्रमेहाच्या रुग्णांचे स्थूल व बलवान आणि कृश व दुर्बळ असे दोन वर्ग करून त्यांचे उपचार वेगळे सांगितले. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील सल्ला तर साहित्याच्या अभ्यासकानेही वाचावा असा आहे. रोग बळावलेल्याने व्यायाम, कुस्ती, हत्ती-घोड्यावरून फेरफटका असे उपाय करावेत. ज्याच्याजवळ धन नाही, आप्त नाहीत, त्याने पादत्राण व छत्रीवाचून, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत, मुनीसारखे संयमाने शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. अथवा शेत नांगरावे, विहीर खणावी. शास्त्रकार औषध सांगण्याआधी रुग्णाची ऐपत विचारात घेतो, हे विशेष आहे. पण निर्धन रुग्णाला दिलेला हा मार्ग घरापासून दूर नेणारा आहे, हेही नजरेआड करता येत नाही. रोग आणि संसार यांचा मेळ बसत नाही, तेव्हा संसार काही काळ बाजूला ठेवावा, अशी ती योजना आहे. विसाव्या शतकातील मधुमेह्याला हा पर्याय राहिला नाही. त्याला शाळेत, कचेरीत, पंगतीत राहूनच आजार सांभाळायचा होता.

या संक्रमणाची साक्ष एका मुलीच्या पत्रांत सापडते. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री आणि पुढे सरन्यायाधीश झालेले चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या. १९१९ मध्ये, अकराव्या वर्षी, तिला मधुमेह असल्याचे निदान झाले. त्या काळी डॉ. फ्रेडरिक ॲलन यांची उपासपद्धती हाच एक आधार होता. शरीराला पेलेल तेवढेच, म्हणजे जगण्यापुरतेच अन्न द्यायचे आणि मरण लांबवायचे, असे तिचे स्वरूप होते. भाज्या तीन-तीनदा उकळून त्यांतील पिष्ट काढून टाकले जाई. सर्वांत कठीण काळात दिवसाला सुमारे चारशे कॅलरींवर तिला राहावे लागे. प्रत्येक घास तोलून देण्यासाठी परिचारिका सोबत असे. वाढदिवसाला टोपीचे खोके रंगीत कागदाने मढवून त्यावर मेणबत्त्या लावल्या जात; तोच तिचा केक. आजाराच्या आरंभी सुमारे चौतीस किलो असलेले तिचे वजन ऑगस्ट १९२२ मध्ये जेमतेम वीस किलोंवर आले होते.

१६ ऑगस्ट १९२२ पासून बँटिंग यांनी तिच्यावर इन्शुलिनचे उपचार सुरू केले. टोरांटोहून तिने आईला लिहिलेली पत्रे त्या विद्यापीठाच्या दुर्मीळ ग्रंथसंग्रहात जतन केलेली आहेत. मरणाच्या दारातून परतलेल्या मुलीच्या पत्रांत चमत्काराचे वर्णन अधिक असेल, अशी आपली अपेक्षा असते. त्या पत्रांत ते आहेच. पण त्याच्या बरोबरीने खाण्याचे पदार्थ, त्यांची मापे, वजनातील वाढ आणि सुयांचा त्रासही आहे. वर्षानुवर्षे वर्ज्य असलेला पाव पुन्हा ताटात आला, ही त्या पत्रांतली मोठी घटना ठरते. हिशेब आणि आनंद एकाच ओळीत येतात, हे या लेखनाचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

पुढच्या दशकांत असे हिशेब असंख्य घरांत सुरू झाले. काचेची सिरिंज उकळायची, बोथट झालेली सुई दगडावर घासून धार लावायची, लघवीचे थेंब बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात टाकून तापवायचे आणि निळा रंग हिरवा होतो, पिवळा होतो की विटेसारखा लाल, ते पाहायचे. मग वहीत नोंद. बॉस्टनचे डॉ. एलियट जॉस्लिन यांनी १९१८ मध्येच डॉक्टर आणि रुग्ण या दोघांसाठी मिळून एक पुस्तक लिहिले होते. रुग्णाला उपचारातील भागीदार मानण्याची ही भूमिका त्या काळात नवी होती. इंग्लंडमध्ये रॉबिन लॉरेन्स या तरुण डॉक्टरला स्वतःलाच मधुमेह झाला. आयुष्य थोडे उरले आहे असे समजून तो फ्लॉरेन्सला जाऊन राहिला. १९२३ मध्ये लंडनच्या सहकाऱ्याचा निरोप मिळाल्यावर तो परतला, इन्शुलिनवर जगला, १९२५ मध्ये त्याने ‘द डायबेटिक लाइफ’ हे पुस्तक लिहिले आणि १९६८ पर्यंत जगला. पुस्तकाच्या नावात रोग विशेषण झाला आहे आणि जीवन विशेष्य, हे नोंदण्यासारखे आहे. १९३४ मध्ये त्याने आपला एक रुग्ण, कादंबरीकार एच. जी. वेल्स, याच्यासह मधुमेह्यांची संघटना स्थापन केली. गरीब रुग्णालाही इन्शुलिन मिळाले पाहिजे, हा तिच्या उभारणीमागील एक हेतू होता.

हा हेतू महत्त्वाचा, कारण वही कितीही नेटकी असली तरी ती एकट्याच्या शिस्तीवर चालत नाही. इन्शुलिनच्या शोधकर्त्यांनी पेटंटचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले होते. तरीही औषध कारखान्यात बनते, जहाजातून येते आणि पैसे देऊन घ्यावे लागते. इव्हा साक्सल या चेकोस्लोव्हाकियातून शांघायला निर्वासित म्हणून आलेल्या ज्यू स्त्रीला तेथे मधुमेह झाला. १९४१ मध्ये पॅसिफिकमध्ये युद्ध पेटल्यावर इन्शुलिन मिळेनासे झाले. तेव्हा इव्हा आणि तिचा पती व्हिक्टर यांनी वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकाच्या आधारे पाणम्हशींच्या स्वादुपिंडापासून इन्शुलिन तयार केले, ते सशांवर पारखले, इव्हाने स्वतःवर वापरले आणि तेथील इतर मधुमेह्यांनाही दिले. जुनाट आजाराचे ‘रोजचे’ जगणे किती दूरच्या गोष्टींवर टेकलेले असते, हे या प्रसंगाइतके क्वचितच कोठे स्पष्ट झाले असेल.

साधनांवरील हक्काचाही एक इतिहास आहे. १९७० च्या सुमारास बोटाच्या थेंबभर रक्तातील साखर मोजणारे यंत्र निघाले. ते सुमारे दीड किलो वजनाचे होते, किंमत साडेसहाशे डॉलर आणि विक्री केवळ डॉक्टरांना व रुग्णालयांना. बाराव्या वर्षापासून मधुमेह असलेले अभियंता रिचर्ड बर्नस्टाइन यांनी आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावाने ते मिळवले आणि दिवसातून अनेकदा मोजून आपल्या मात्रा बसवल्या. वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांचे लेखन नाकारले, तेव्हा वयाच्या पंचेचाळिशीत त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. पुढे १९९३ मध्ये १,४४१ रुग्णांच्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासाने दाखवून दिले की घरी वारंवार मोजून साखर काटेकोर आवाक्यात ठेवली, तर डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांची हानी पुष्कळ टळते. रुग्णाची वही शास्त्राने मान्य केली. त्याबरोबर वहीतील रकानेही वाढले.

ज्युलिएट कॉर्बिन आणि अँसेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९८८ च्या ग्रंथात घरी सांभाळल्या जाणाऱ्या जुनाट आजाराची तीन कामे सांगितली: आजाराचे काम, रोजच्या संसाराचे काम आणि स्वतःच्या जीवनकथेची पुन्हा जुळणी करण्याचे काम. हे तिसरे काम साहित्याच्या प्रांतातले आहे. साहित्य मात्र त्याच्याकडे सहसा वळलेले नाही. क्षय आणि कर्करोग यांच्या रूपकांविषयी सुझन सोंटॅग यांनी १९७८ मध्ये ग्रंथ लिहिला. मधुमेहाला तशी रूपके फारशी लाभली नाहीत. कथेला वळण लागते, शेवट लागतो. येथे आहे ती पुनरावृत्ती. आज मोजले, उद्या मोजायचे. कादंबरीकाराला ज्याचा कंटाळा येईल, त्यावरच हे जगणे उभे असते.

एलिझाबेथ ह्यूजचे पुढील आयुष्य या संदर्भात अर्थपूर्ण वाटते. तिचे लग्न झाले, तीन मुले झाली, ती सार्वजनिक कामात राहिली आणि १९८१ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी वारली. तोवर तिने सुमारे बेचाळीस हजार इंजेक्शने घेतली होती. पण आपल्या आजाराविषयी ती जवळपास कोणाशीच बोलली नाही. वडिलांच्या कागदपत्रांतील त्याचे उल्लेखही तिने काढून टाकले. इतिहासकार मायकेल ब्लिस १९८० मध्ये तिच्यापर्यंत पोहोचले, तेव्हा ती हयात आहे याचेच त्यांना आश्चर्य वाटले. तिच्या मौनाला लज्जा म्हणणे सोपे आहे. मला त्यात दुसरीही शक्यता दिसते: आपण ‘इन्शुलिनने वाचलेली मुलगी’ एवढेच उरू नये, ही इच्छा. तिसऱ्या प्रकारचे काम तिने असे केले. जो आजार उत्तम सांभाळतो तो दिसेनासा होतो, आणि म्हणून इतिहासातूनही निसटतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांपैकी बहुतेकांचा मधुमेह एलिझाबेथच्या मधुमेहाहून वेगळ्या प्रकारचा आहे. सांभाळण्याचे काम मात्र त्यांनाही चुकलेले नाही. मराठी घरात ‘त्यांना साखर आहे’ एवढ्या तीन शब्दांत तो सांगून होतो. त्यामागे वेगळी भाकरी थापणारे, सणाला वेगळी वाटी काढून ठेवणारे, गोळीची वेळ लक्षात ठेवणारे कोणी तरी असते. बहुधा घरातील स्त्री. तीच रुग्ण असेल तर तिचे पथ्य कोण सांभाळते, हा प्रश्न कोणत्याही तपासणीच्या कागदावर नसतो. आपण विद्यार्थ्यांना पत्रे, रोजनिश्या, आत्मचरित्रे हे वाङ्मयप्रकार म्हणून शिकवतो. घरोघरी पडलेल्या या वह्या, त्यांतील आकडे आणि मधेच कोठे तरी समासात उमटलेले एखादे वाक्य, यांचेही वाचन करता येईल. त्यासाठी त्या रद्दीत जाण्यापूर्वी कोणी तरी मागून घ्यायला हव्यात.