कुंडीत मावलेला डेलिया

सोलापूर शहर सुमारे १७ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर आहे. वर्गातल्या जगाच्या नकाशावर या अक्षांशावरून बोट पश्चिमेकडे सरकवत नेले, तर अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून ते मेक्सिकोच्या दक्षिण भागात पोहोचते. ओआहाका हे तिथले शहर १७ अंशांच्या किंचित वर आहे, तर राजधानी मेक्सिको सिटी १९ अंशांच्या थोडी वर. हिवाळ्यात आपल्याकडे कुंड्यांतून फुलणारा डेलिया मूळचा याच डोंगराळ मुलखातला. अक्षांशाच्या हिशेबाने तो आपला शेजारीच म्हणायचा.

पण हा शेजारी आपल्याकडे सरळ रस्त्याने आलेला नाही. माद्रिद, लंडन, हॉलंड असा मोठा वळसा घेऊन तो आला आणि त्या वळशात त्याचे रूप, उंची आणि सवयी बदलत गेल्या. पुरुषभर उंचीचे हे झाड गुडघ्याएवढे होऊन कुंडीत कसे मावले, हा इतिहास आनुवंशिकी शिकवणाऱ्या शिक्षकाच्या फार उपयोगाचा आहे. शिवाय त्यातून सोलापूरसारख्या गावाला विचारण्याजोगा एक प्रश्नही निघतो.

मेक्सिको ते माद्रिद

डेलियाच्या सुमारे चाळीस रानटी जाती आहेत. त्यांपैकी बहुतेक मेक्सिकोत आणि काही मध्य अमेरिकेत आढळतात. काही जाती जेमतेम हातभर वाढतात, तर वृक्ष-डेलिया पाच-सहा मीटरपर्यंत जातो. म्हणजे उंचीतला फरक माणसाने निर्माण केलेला नाही. तो निसर्गातच होता. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा वैद्य फ्रान्सिस्को हर्नांदेझ १५७० च्या दशकात मेक्सिकोत वनस्पतींची माहिती गोळा करत होता. त्याच्या नोंदींत डेलियाचे वर्णन सापडते. या नोंदी मात्र १६५१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी रोममध्ये छापल्या गेल्या.

१७८९ मध्ये मेक्सिको सिटीच्या वनस्पती उद्यानातून व्हिसेंते सर्व्हांतेस यांनी डेलियाचे बी माद्रिदच्या राजेशाही उद्यानात पाठवले. तिथे कावानिय्येस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये या झाडाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि लिनियसचा शिष्य आंद्रेयास दाल याच्या स्मरणार्थ त्याला ‘डेलिया’ हे नाव दिले. पुढे जर्मनीत विल्डेनोव्ह याने ‘जॉर्जिना’ हे दुसरे नाव सुचवले. शास्त्रीय नाव म्हणून ते टिकले नाही, पण रशियन लोकांच्या बोलण्यात हे फूल आजही त्याच नावाने ओळखले जाते.

युरोपात काही जणांनी याचे कंद बटाट्याऐवजी खाऊन पाहिले. या कंदांत पिष्टाऐवजी इन्युलिन नावाचे कर्बोदक असते. त्यांची चव कुणाला फारशी रुचली नाही आणि डेलिया स्वयंपाकघरातून सुटून बागेत स्थिरावला.

एका बियातून एक नवे झाड

बागवानांच्या लवकरच लक्षात आले, की डेलियाचे बी पेरले तर आईसारखे झाड जवळजवळ कधीच येत नाही. एकाच फुलाच्या बियांतून लाल, पिवळी, जांभळी, एकेरी, दुहेरी अशी नाना तऱ्हेची रोपे निघतात. पाकळ्यांनी गच्च भरलेली फुले पहिल्या पंचवीस-तीस वर्षांतच दिसू लागली आणि १८३० च्या दशकात तर इंग्लंडमध्ये डेलियाचे वेडच पसरले.

येथे ‘पाकळी’ या शब्दाबद्दल वर्गात जरूर बोलावे. सूर्यफूल आणि झेंडूप्रमाणेच डेलियाचे ‘फूल’ म्हणजे पुष्कळ फुलांचा एक गुच्छ असतो. कडेची पसरट किरणपुष्पके आपल्याला पाकळ्यांसारखी दिसतात, तर मधल्या पिवळ्या चकतीत नळीसारखी बिंबपुष्पके असतात. दुहेरी डेलियात बिंबपुष्पकांच्या जागी किरणपुष्पके आलेली असतात.

बियाने गुण टिकत नसल्यामुळे आवडलेले झाड टिकवण्याचा उपाय एकच उरतो. कंदाचे डोळ्यासकट तुकडे करायचे किंवा कोवळ्या फुटव्यांची छाटकलमे लावायची. कार्डिफच्या फ्रेड ट्रेसेडर यांनी १९२४ मध्ये प्रसारात आणलेला ‘बिशप ऑफ लॅन्डाफ’ हा गडद पानांचा, लालभडक फुलांचा डेलिया आजही लावला जातो. जगभरातली त्याची सारी झाडे म्हणजे एकाच मूळ रोपाचे तुकडे आहेत. याचाच अर्थ असा, की तुकडे करणारे हात थांबले तर ते वाण संपते. प्रदर्शनांत बक्षिसे मिळवलेले कितीतरी जुने डेलिया अशाच रीतीने नाहीसे झाले.

हातातून काय निसटू शकते, याचे एक उदाहरण १८७२ चे आहे. मेक्सिकोहून हॉलंडला आलेल्या कंदांच्या पेटीतले सगळे कंद वाटेत कुजले होते. जगला तो एकच. त्याला आलेल्या लाल फुलाच्या पाकळ्या टोकदार आणि मागे वळलेल्या होत्या. मेक्सिकोचे अध्यक्ष बेनितो हुआरेझ यांचे नाव त्याला देण्यात आले. आजचे ‘कॅक्टस’ प्रकारचे डेलिया त्या एका कंदाच्या वंशातले मानले जातात.

उंचीची निवड

प्रदर्शनातला डेलिया दीड-दोन मीटर उंच वाढे आणि त्याला काठीचा आधार द्यावा लागे. वाफ्यात लावण्यासाठी मात्र ठेंगणी झाडे हवी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बागवान शेकडो रोपांमधून आखूड पेऱ्यांची रोपे वेगळी काढू लागले. १९२० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये ‘कोल्टनेस जेम’ हे एकेरी लाल फुलांचे बुटके वाण पुढे आले. त्याच्यापासून बियाने वाढवता येणाऱ्या बुटक्या डेलियांची मालिका तयार झाली. पुढे हॉलंडमध्ये खास कुंडीसाठी ‘गॅलरी’ मालिकेतली वाणे निघाली. त्यांची उंची साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर असते.

कुंडीच्या झाडाला नुसते बुटकेपण पुरत नाही. पेरी आखूड हवीत, खालपासून फांद्या फुटायला हव्यात, देठ ताठ हवा, फूल झाडाच्या मानाने शोभणारे हवे आणि थोड्या मातीत कंद पोसले जायला हवेत. इतके गुण एका रोपात एकत्र येणे अवघड असते. ते किती अवघड, हे कळण्यासाठी डेलियाच्या पेशीत डोकवावे लागते.

चौसष्ट गुणसूत्रांचे गणित

लंडनजवळच्या जॉन इनेस संस्थेतील डब्ल्यू. जे. सी. लॉरेन्स यांनी १९२९ ते १९३१ या काळात डेलियावरचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. बहुतेक रानटी जातींत ३२ गुणसूत्रे असतात, तर बागेतल्या डेलियात ६४. मूळ संच आठ गुणसूत्रांचा मानला, तर बागेतला डेलिया अष्टगुणित ठरतो. फुलांच्या रंगांवरून लॉरेन्स यांनी असा निष्कर्ष काढला, की निरनिराळ्या रंगांच्या दोन रानटी गटांचा संकर होऊन तो जन्मला असावा. पुढे १९३५ मध्ये त्यांनी रोझ स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्याबरोबर डेलियाच्या रंगांची जनुके आणि रंगद्रव्यांचे रसायन यांची सांगड घातली.

आठ संचांमुळे काय होते? मेंडेलच्या वाटाण्यात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. संमिश्र झाडांच्या संकरात अप्रभावी गुण चारात एका रोपात दिसतो. डेलियात प्रती आठ. समजा, एका झाडात प्रभावी जनुकाच्या चार आणि अप्रभावी जनुकाच्या चार प्रती आहेत. परागकणात किंवा अंडपेशीत आठांपैकी चारच जातात. त्या चारही अप्रभावी असण्याची शक्यता ७० त एक. आई आणि बाप दोघेही असेच असतील, तर ती ४,९०० त एक. प्रत्यक्षात गुणसूत्रांच्या जोड्या इतक्या सरळ हिशेबाने जुळत नाहीत, तरीही हजारो रोपे वाढवून त्यांतून मूठभर का निवडावी लागतात, याची कल्पना या आकड्यावरून येते.

वर्गात हे गोट्यांनी दाखवता येईल. पिशवीत चार लाल आणि चार पांढऱ्या गोट्या घालाव्यात. प्रत्येक विद्यार्थ्याने न पाहता चार काढाव्यात, नोंद करावी आणि परत टाकाव्यात. चारही पांढऱ्या येईपर्यंत किती वेळा हात घालावा लागतो, ते मुलांनाच मोजू द्यावे.

कुंडीच्या इतिहासातही याच लॉरेन्स यांचे नाव येते. संस्थेत प्रयोगासाठी लावलेली प्रिम्युलाची रोपे मातीतल्या रोगांनी मरत होती. म्हणून त्यांनी आणि जॉन नेवेल यांनी कुंडीच्या मिश्रणांवर पद्धतशीर प्रयोग केले. वाफेने निर्जंतुक केलेली पोयट्याची माती सात भाग, पीट तीन भाग आणि वाळू दोन भाग, त्यात खते, असे त्यांचे मिश्रण होते. १९३९ च्या त्यांच्या पुस्तकानंतर ते ‘जॉन इनेस मिश्रण’ म्हणून सर्वत्र माहीत झाले. कुंडीत झाड नीट वाढत नसेल, तर दोष वाणाचा की मातीचा, हे ठरवण्यासाठी आधी माती सारखी हवी, हा त्यामागचा विचार होता.

अक्षांश तोच, ऋतू वेगळा

आता सोलापूरकडे येऊ. अक्षांश जवळपास सारखा असल्याने ओआहाका आणि सोलापूर येथे दिवसाची लांबीही वर्षभर जवळपास सारखी असते. डिसेंबरात सुमारे ११ तास, जूनमध्ये सुमारे १३ तास. पण मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच आहे, तर सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास. मेक्सिकोच्या डोंगरांत जून ते ऑक्टोबर या पावसाळी महिन्यांत दिवस मोठे असतात आणि उंचीमुळे हवाही थंड असते. डेलिया तेव्हा फुलतो. सोलापुरात थंडी येते ती दिवस लहान झाल्यावरच. येथे पाऊस ओसरल्यावर लावलेला डेलिया डिसेंबर-जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास फुलतो.

हा फरक मोठा आहे. दिवस बारा तासांहून लहान झाला, की डेलिया आपले अन्न कंदांत साठवू लागतो आणि शेंड्याची वाढ मंदावते. फुलात किरणपुष्पके कमी येतात आणि मधला पिवळा डोळा उघडा पडतो. आपल्याकडे मिळणारी अनेक बुटकी वाणे मात्र ५० अंशांच्या पुढच्या अक्षांशांवर, पंधरा-सोळा तासांच्या उन्हाळी दिवसांत निवडलेली आहेत. तिथे जे झाड डौलदार बुटके असते, ते इथल्या अकरा तासांच्या दिवसात खुरटून दोन-चार फुले देऊन थांबू शकते. त्यात रोपवाटिकेतली कुंडीतली झाडे कधीकधी वाढ रोखणारी रसायने देऊन ठेंगणी ठेवलेली असतात. हे बुटकेपण जनुकांतले नसल्यामुळे पुढच्या वर्षी त्याच कंदातून उंच झाड येते.

म्हणजे सोलापूरच्या कुंडीसाठी वाण हवे असेल, तर त्याची निवड सोलापूरच्या हिवाळ्यातच व्हायला हवी. ही पद्धत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. १९३० च्या दशकात मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हे वाण काढले गेले. लहान होत जाणाऱ्या दिवसांत आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर येणाऱ्या रब्बीसाठी ते इतके योग्य ठरले, की त्याचे नाव देशभर गेले. १९३६ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड येथे डॉ. जी. एस. चीमा यांनी आळंदी डाळिंबाच्या रोपांतून जे झाड निवडले, ते पुढे ‘गणेश’ म्हणून सोलापूरच्या कोरडवाहू मुलखात पसरले. ज्वारी बहुतांशी स्वपरागित असल्याने निवडलेले वाण बियाने टिकते, डाळिंब गुटीने टिकते आणि डेलिया कंदाने व छाटकलमाने. टिकवण्याची रीत वेगळी असली, तरी जागेवर पारखून निवडण्याचे तत्त्व एकच.

शाळेच्या आवारात

हे काम शाळेतही सुरू करता येते. उघड्या डोळ्याच्या, मधमाश्या येणाऱ्या फुलांचे बी फेब्रुवारीत धरावे. सप्टेंबरमध्ये पेरून शंभर रोपे एकाच मापाच्या कुंड्यांत, एकाच मिश्रणात वाढवावीत. पहिले फूल कोणत्या तारखेला आले, उंची किती, फांद्या किती, एकूण फुले किती, एवढ्या चार नोंदी पुरेत. त्यांतली पाच रोपे निवडावीत. खरी परीक्षा त्यानंतर येते. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिसाच्या पुढे जातो. तेव्हा कंद कोरड्या वाळूत, सावलीच्या गार जागी ठेवावे लागतात. उन्हाळ्यानंतर पाचांपैकी किती कंदांचे डोळे फुटतात, तीही एक नोंदच आहे आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची. निवडलेले रोप तीन हिवाळे तसेच उतरले, तरच त्याला वाण म्हणावे.

नव्या वाणाला कायद्याचे संरक्षण देतानाही हेच पाहिले जाते. आपल्या देशाच्या २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्यात वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता या कसोट्या आहेत. त्या तीन शब्दांचा अर्थ पुस्तकातून समजावून सांगण्यापेक्षा शंभर कुंड्यांसमोर उभे राहून समजावणे सोपे जाईल. आणि दर मे महिन्यात वाळूतले कंद पाहण्याची जबाबदारी एका वर्गाकडून पुढच्या वर्गाकडे सोपवली, तर एखादे वाण शाळेच्या नावाने टिकूनही राहील.