परतीचा दाखला : अमेरिकेतील कायम निवास आणि दीर्घ अनुपस्थिती

परक्या देशात कायम राहण्याची अनुज्ञा मिळालेला मनुष्य काही काळ तो देश सोडून गेला आणि पुन्हा त्याच्या बंदरात येऊन उभा राहिला, तर कायद्याने त्याला कोण समजावे? घरी परतलेला रहिवासी, की नव्याने प्रवेश मागणारा परका? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आज लाखो परदेशीय नागरिक कायम रहिवासी म्हणून नांदत असल्यामुळे हा प्रश्न नित्याच्या व्यवहाराचा झाला आहे. त्याविषयीचे प्रचलित नियम वरवर पाहता १९२४ च्या आणि १९५२ च्या सर्वसाधारण प्रवेशविषयक कायद्यांतून उतरलेले दिसतात. परंतु त्यांची घडण त्याआधीच, आणि एका विशिष्ट जमातीविरुद्ध केलेल्या कायद्यांच्या भट्टीत झाली होती. परतण्याचा हक्क हा निवासातून आपोआप निपजतो, की तो सरकारने दिलेला व सरकारला केव्हाही काढून घेता येणारा परवाना आहे, हा वाद प्रथम चिनी मजुरांच्या बाबतीत उपस्थित झाला व त्यांच्याच अंगावर त्याचा निकाल लागला.

१८६८ च्या बर्लिंगेम तहाने चीन व अमेरिका या दोन्ही देशांनी माणसाला आपले घर बदलण्याचा स्वाभाविक हक्क असल्याचे मान्य केले होते. बारा वर्षांनी, १७ नोव्हेंबर १८८० रोजी झालेल्या नव्या तहाने अमेरिकेला चिनी मजुरांच्या आगमनावर मर्यादा घालण्याची मुभा मिळाली. मात्र जे मजूर त्यावेळी अमेरिकेत होते त्यांना आपल्या इच्छेनुसार जाण्यायेण्याची मोकळीक राहील, असे स्पष्ट वचन त्यात होते. ६ मे १८८२ च्या कायद्याने नव्या मजुरांचे आगमन दहा वर्षांपुरते बंद केले, आणि जुन्या रहिवाशांसाठी दाखल्याची पद्धत सुरू केली. जहाज सुटण्यापूर्वी बंदराच्या जकात अधिकाऱ्याने जहाजावर जाऊन प्रत्येक मजुराचे नाव, वय, धंदा, शेवटचे राहण्याचे ठिकाण व अंगावरच्या खुणा नोंदवून घ्यावयाच्या, आणि त्या नोंदीवरून त्याला विनामूल्य दाखला द्यावयाचा, अशी ती व्यवस्था होती. हा दाखला धारकाला परत येण्याचा अधिकार देतो, असे कायद्याचे शब्द होते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा हा कायदा अमलात होता, पण त्यांना तो लागू नव्हता; केवळ चिनी लोकांसाठीच हे कागद निर्माण झाले होते.

५ जुलै १८८४ च्या दुरुस्तीने या व्यवस्थेचे स्वरूप पालटले. आतापर्यंत दाखला हा हक्काचा एक पुरावा होता. तो यापुढे एकमेव ग्राह्य पुरावा ठरला. याचा पहिला फटका च्यू हेआँग या मजुराला बसला. १८८० मध्ये तो अमेरिकेत राहत होता. जून १८८१ मध्ये, म्हणजे दाखल्याची कल्पना कायद्यात येण्यापूर्वीच, तो होनोलुलूला गेला आणि सप्टेंबर १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला परतला. दाखला नाही म्हणून त्याला उतरू देण्यात आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच्या बाजूने निर्णय दिला. न्यायमूर्ती हार्लन यांचे विवेचन असे की, जे करणे मनुष्याला अशक्यच होते त्याची अपेक्षा कायदा करीत नाही, आणि कायदेमंडळाने तहातील वचन मोडण्याचा हेतू धरला होता असे सहजासहजी गृहीत धरता येत नाही. या निर्णयाशी असहमत होणाऱ्या दोघांपैकी एक न्यायमूर्ती स्टीफन फील्ड हे होते. कायद्याचे शब्द स्पष्ट असताना न्यायालयाने त्यात दयेची भर घालू नये, अशी त्यांची भूमिका होती. हार्लन यांच्या निकालाचा आधार कायद्याच्या अर्थनिर्णयापुरता मर्यादित होता, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कायदेमंडळाने आपला हेतू निःसंदिग्धपणे सांगितला असता तर काय झाले असते, याचे उत्तर त्यात नव्हते. ते उत्तर चार वर्षांतच मागितले गेले.

१८८८ हे अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष होते. चीनशी वाटाघाटी करून तयार केलेल्या नव्या तहाला चिनी सरकार मान्यता देण्यास विलंब लावीत होते, आणि पॅसिफिक किनाऱ्यावरची मते दोन्ही पक्षांना हवी होती. अशा स्थितीत पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी विल्यम स्कॉट यांचे विधेयक घाईने संमत झाले व १ ऑक्टोबर रोजी अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी त्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने पुढे दाखले देणे बंद केलेच, शिवाय आजवर दिलेले सर्व दाखले रद्द ठरविले. त्यावेळी असे दाखले जवळ बाळगून अमेरिकेबाहेर असलेल्या मजुरांची संख्या सुमारे २०,००० होती असे मानले जाते.

चे चान पिंग हा त्यांच्यापैकी एक. १८७५ पासून तो सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता. २ जून १८८७ रोजी रीतसर दाखला घेऊन तो चीनला गेला. ७ सप्टेंबर १८८८ रोजी हाँगकाँगहून ‘बेल्जिक’ जहाजाने निघाला तेव्हा त्याच्या कागदात काडीचाही दोष नव्हता. ८ ऑक्टोबरला जहाज सॅन फ्रान्सिस्कोला लागले तेव्हा तो कागद रद्द होऊन एक आठवडा लोटला होता. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी संघांनी वर्गणी जमवून त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १३ मे १८८९ रोजी न्यायालयाने एकमताने त्याच्याविरुद्ध निर्णय दिला, आणि निकालपत्र लिहिले ते च्यू हेआँगच्या खटल्यात अल्पमतात राहिलेल्या फील्ड यांनी.

त्या निकालपत्राची मांडणी तीन पायऱ्यांची आहे. तह आणि कायदा यांचा दर्जा समान, म्हणून नंतरचा कायदा आधीच्या तहाला बाजूस सारू शकतो. परकीयांना देशाबाहेर ठेवण्याचा अधिकार सार्वभौमत्वातच अंतर्भूत असून तो कोणत्याही कराराने सोडून देता येत नाही. आणि म्हणून मजुरांना परत येण्याची जी मुभा मिळाली होती ती सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली, केव्हाही मागे घेता येणारी होती. तहामुळे परकीयाला मिळालेली मालमत्ता तह संपल्याने नष्ट होत नाही, हे फील्ड यांनी मान्य केले. पण परतण्याची मुभा या वर्गात बसत नाही, असे ते म्हणतात. येथे युक्तिवादाची कडी कच्ची वाटते. बारा वर्षे एका शहरात राहून श्रम केलेल्या माणसाची तेथील जागा ही त्याच्या घरातील भांड्याकुंड्यांहून कमी दर्जाची का, याचे कारण निकालपत्रात कोठे दिलेले नाही. ज्या तहाने हक्क दिला आणि ज्या कायद्याने त्याचा दाखला दिला, त्या दोहोंवर विसंबून मनुष्य घराबाहेर पडला होता. त्या विसंबण्याला न्यायालयाने काहीच किंमत दिली नाही. हार्लन यांनीही या वेळी भिन्नमत नोंदविले नाही. १८८९ मध्येच चे चान पिंगला परत पाठविण्यात आले.

हीच न्यायसंस्था त्याच काळात दुसऱ्या एका चिनी माणसाकडे निराळ्या दृष्टीने पाहत होती. लाउ औ ब्यू हा ऑरेगन संस्थानातील पोर्टलंडचा व्यापारी. नातलगांच्या भेटीसाठी तो १८९० मध्ये चीनला गेला व दुसऱ्या वर्षी परतला. चिनी सरकारचे प्रमाणपत्र नाही म्हणून त्याला अडविण्यात आले. १८९२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ज्याचा अधिवास अमेरिकेत आहे अशा व्यापाऱ्याला तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे नवागत ठरविता येणार नाही. त्याचे हक्क अधिवासातूनच येतात. मजुराच्या बाबतीत जी गोष्ट परवाना होती, तीच व्यापाऱ्याच्या बाबतीत हक्क झाली. हा भेद वंशाचा नव्हे, तर वर्गाचा होता. तथापि व्यापाऱ्यांचेही सुख फार टिकले नाही. १८९३ च्या कायद्याने परतणाऱ्या व्यापाऱ्याला आपला व्यापार शाबीत करण्यासाठी चिनी नसलेल्या दोन विश्वसनीय साक्षीदारांची अट घातली, आणि १८९४ च्या कायद्याने बंदरावरील अधिकाऱ्यांचा निर्णय अंतिम ठरविला. लेम मून सिंग या व्यापाऱ्याच्या खटल्यात १८९५ मध्ये न्यायालयाने अशा निर्णयात हात घालण्यास नकार दिला. ते निकालपत्र हार्लन यांचे आहे.

१८९४ मध्ये चीनशी झालेल्या तहाने मजुरांना परतीची वाट पुन्हा उघडली, पण तिला लावलेल्या अटी बोलक्या आहेत. ज्याची विवाहित पत्नी, मूल वा आईबाप अमेरिकेत आहेत, अथवा ज्याची तेथे १,००० डॉलरांची मालमत्ता किंवा तेवढे येणे आहे, त्यालाच परत येता येईल; तेही एका वर्षाच्या आत. आजारपणाने अथवा स्वतःच्या ताब्याबाहेरच्या अन्य कारणाने अडकून पडल्यास आणखी एक वर्षापर्यंत मुदतवाढ मिळे. म्हणजे जाणाऱ्याने काहीतरी ओलीस ठेवून जावे, अशी ही योजना होती. १८९० मध्ये अमेरिकेतील चिनी लोकांत एका स्त्रीमागे सुमारे २७ पुरुष होते. बहुसंख्य मजुरांची बायकापोरे चीनमध्ये होती व म्हणूनच तर त्यांना दीर्घ काळ जावे लागे. ज्यांना जाण्याची निकड सर्वाधिक, त्यांनाच परतण्याचा आधार सर्वांत कमी, असा हा न्याय होता. युरोपीय वसाहतकरी नागरिकत्व घेऊन या साऱ्या झंझटीतून मोकळा होऊ शके. चिनी मनुष्याला १८८२ च्या कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग बंद केला होता आणि तो १९४३ पर्यंत बंदच राहिला. त्याच्या निवासाला पूर्णता नव्हती. निवास जपणे एवढेच त्याच्या हाती होते.

सर्वसाधारण कायद्यात हा विषय १९१७ मध्ये आला. ज्याचा अमेरिकेत सलग सात वर्षांचा, न सोडलेला अधिवास आहे त्याला तात्पुरत्या अनुपस्थितीनंतर अन्य दोष असूनही प्रवेश देण्याचा विवेकाधिकार मजूर खात्याच्या सचिवाला मिळाला. १९२४ च्या कायद्याने देशनिहाय कोटा ठरविला, पण ‘परदेशातील तात्पुरत्या भेटीहून परतणारा’ रहिवासी कोट्याबाहेर ठेवला, आणि पुनःप्रवेशाचा परवाना सुरू केला. या परवान्याने धारक तात्पुरत्या भेटीहून येत आहे एवढेच सिद्ध होईल, आणि ते सिद्ध करण्याचे तेच एकमेव साधन मानले जाणार नाही, असे कलमातच म्हटले होते. १८८४ च्या दुरुस्तीशी ही शब्दयोजना ताडून पाहिली म्हणजे मधल्या चाळीस वर्षांतील अंतर ध्यानी येते. या कलमाचा लाभ हिंदी लोकांनाही तत्त्वतः होता. १९१७ च्या कायद्याने आशियातील निषिद्ध प्रदेशात हिंदुस्थानचा समावेश केला होता व १९२३ च्या भगतसिंग थिंद खटल्याने त्यांचे नागरिकत्वही नाकारले होते. तरीही रीतसर दाखल झालेला कॅलिफोर्नियातील पंजाबी शेतकरी गावी जाऊन परत येऊ शकत होता. ज्याच्या आगमनाची नोंद नव्हती त्याला मात्र एकदा गेले की परतीचा दरवाजा बंद. १९४६ च्या कायद्याने हिंदी लोकांना वर्षाला १०० चा कोटा व नागरिकत्व मिळेपर्यंत ही स्थिती चालू राहिली.

चे चान पिंगच्या निकालातील तत्त्व मात्र कोठेही गेले नव्हते. शीतयुद्धाच्या काळात ते पुन्हा वर आले. इग्नाट्झ मेझेई हा बफेलो येथे १९२३ पासून पंचवीस वर्षे राहिलेला गृहस्थ. १९४८ मध्ये मरणासन्न आईला भेटण्यासाठी तो रुमानियाकडे निघाला. तेथे प्रवेश मिळाला नाही आणि हंगेरीत तो १९ महिने अडकला. बुडापेस्टच्या अमेरिकन वकिलातीने दिलेला व्हिसा घेऊन १९५० मध्ये तो न्यूयॉर्कला आला तेव्हा गुप्त पुराव्यावरून त्याला प्रवेश नाकारण्यात आला. अन्य कोणताही देश त्याला घेईना, त्यामुळे तो एलिस बेटावरच स्थानबद्ध राहिला. मार्च १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाचविरुद्ध चार मतांनी त्याची स्थानबद्धता उचलून धरली. त्याच्या आदल्याच महिन्यात अमेरिकन जहाजावर काम करून परतलेल्या क्वाँग हाय च्यू या चिनी खलाशाला मात्र सुनावणीचा हक्क आहे, असे त्याच न्यायालयाने ठरविले होते. खलाशाची अनुपस्थिती सुमारे चार महिन्यांची व अमेरिकन निशाणाखालील होती. मेझेई परवाना न घेता गेला होता आणि पोलादी पडद्याआड दीर्घ काळ राहिला होता. या भेदावर न्यायालयाने सारी भिस्त ठेवली. पंचवीस वर्षांच्या निवासाचे पारडे १९ महिन्यांनी वर गेले. मेझेईची सुटका झाली ती १९५४ मध्ये, प्रशासनाच्या मर्जीने.

१९६३ च्या फ्लूटी निर्णयाने काही काळ उलट दिशा धरली. मेक्सिकोत काही तास जाऊन आलेल्या स्विस रहिवाशाचे परतणे म्हणजे नवा ‘प्रवेश’ नव्हे, निर्दोष, सहज व अल्पकालीन फेरीने निवास खंडित होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. १९८२ च्या लँडन विरुद्ध प्लासेन्शिया या निर्णयाने परतणाऱ्या कायम रहिवाशाला योग्य प्रक्रियेचा घटनात्मक हक्क असल्याचे मान्य केले. १९९६ मध्ये कायदेमंडळाने फ्लूटी निर्णयाची कसोटी बाजूला सारून दिवस मोजण्याची पद्धत घातली. सलग १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिलेला रहिवासी प्रवेश मागणारा समजला जाऊ शकतो. आणि ज्याने निवास सोडून दिला असे ठरेल त्याला तर काळाचीही मर्यादा नाही. निवास सोडला की नाही, हे मात्र दिवसांवरून ठरत नाही. जाण्याचे कारण, परतण्याची ठरलेली वेळ, कुटुंब, घर, नोकरी व कर यांवरून हेतू शोधला जातो.

पुनःप्रवेशाचा परवाना आज दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीचा मिळतो. तो न घेता एक वर्षाहून अधिक काळ राहिलेल्याने वकिलातीकडे ‘परतणारा रहिवासी’ म्हणून व्हिसा मागावयाचा असतो. त्यासाठी आपण परत येण्याच्या इराद्यानेच गेलो होतो आणि मुक्काम लांबला तो आपल्या ताब्याबाहेरच्या कारणांमुळे, हे त्याला सिद्ध करावे लागते. ही कसोटी १८९४ च्या तहातील आजारी मजुराला मिळणाऱ्या एका वर्षाच्या मुदतवाढीच्या कसोटीशी मिळतीजुळती आहे.