ऑतो-द-फे : एका शब्दाची चौकशी

गोव्याच्या इन्क्विझिशनचा विषय निघाला की 'ऑतो-द-फे' हा पोर्तुगीज शब्द येतोच, आणि त्याचा अर्थ 'जिवंत जाळणे' असाच समजला जातो. हा अर्थ आम्हाला अपुरा वाटतो. शब्दशः पाहिले तर तो आहे 'श्रद्धेचे कृत्य'. 'ऑतो' म्हणजे कृत्य, न्यायालयाचा निवाडा आणि धार्मिक नाटकसुद्धा. तिन्ही अर्थ येथे लागू पडतात.

शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य १६७३ साली दमणला पकडला गेला आणि जानेवारी १६७६ च्या गोव्यातील ऑतोत उभा केला गेला. त्याने पुढे १६८७ मध्ये आपली हकीकत छापली. पहाटे कैद्यांना विशिष्ट अंगरखे चढवायचे, हाती मेणबत्ती द्यायची, घंटानादात मिरवणुकीने चर्चमध्ये न्यायचे. तेथे प्रवचन आणि मग एकेकाचा निवाडा मोठ्याने वाचायचा. मरणाची शिक्षा झालेल्याच्या अंगरख्यावर त्याचेच चित्र, भोवती ज्वाळा आणि सैताने. निकालानंतर कबुली दिली तर ज्वाळा उलट्या, टोके खाली करून रंगविलेल्या असत! बहुसंख्य आरोपी जाळले जात नसत. कोणाला फटके, कोणाला गलबतावर सक्तमजुरी, कोणाची मालमत्ता जप्त. पण चारचौघांत नाक घासणे कोणालाच चुकत नसे.

जाळण्याचे काम ऑतो संपल्यावर, वेगळ्या जागी, सरकारी अधिकारी करीत. चर्चने रक्त सांडू नये हा नियम. म्हणून इन्क्विझिशन आरोपीला राजसत्तेच्या हवाली करी आणि वर त्याच्यावर दया करावी अशी विनंतीही करी. या हवाली करण्याला शब्द होता 'रेलाशार', म्हणजे सैल सोडणे. सैल सोडलेल्याचे काय होणार हे सर्वांना ठाऊक असे.

आम्हा मुसलमानांना हा इतिहास परका नाही. पहिला ऑतो १४८१ मध्ये सेव्हिल येथे झाला, तो ज्यू वंशाच्या ख्रिस्त्यांचा. पुढे १५०२ मध्ये कॅस्टिलमधील मुसलमानांना बाप्तिस्मा किंवा देशत्याग असा हुकूम निघाला. राहिले ते 'मोरिस्को'. डुकराचे मांस न खाणे, दारू न पिणे एवढ्यावरूनही त्यांच्यावर संशय घेतला जाई. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाखांना हाकलून देण्यात आले.

परंतु बोट दाखविताना आपल्याही कोशात डोकावावे. गुन्हेगाराचे तोंड काळे करून, गाढवावर बसवून फिरविण्याला अरबीत 'तशहीर' म्हणत. आपल्या मराठीतली धिंडच ती. 'शोहरत' त्याच धातूतून आला, आणि उर्दूत आज तशहीर म्हणजे साधी जाहिरात. खलिफा मामूनने ८३३ मध्ये काझी-उलेमांच्या मतांची सक्तीची तपासणी सुरू केली, तिचे नाव 'मिहना'. 'इम्तिहान' त्याचाच भाऊबंद. त्यात इमाम अहमद बिन हंबल यांनी फटके खाल्ले. तेथे ऑतोसारखा सोहळा नव्हता, हे खरे. श्रद्धा तपासायला सरकारी माणूस मात्र होता.

गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आले आणि मधली चार वर्षे सोडता १८१२ पर्यंत टिकले. त्याच्या आरंभीच्या काळातला एक माणूस महाराष्ट्राला जवळचा आहे. गार्सिया द ऑर्ता हा ज्यू वंशाचा पोर्तुगीज वैद्य अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करीत असे. त्या दरबारातल्या मुसलमान हकिमांशी झालेल्या चर्चा त्याने आपल्या औषधींवरील ग्रंथात नोंदविल्या आणि इब्न सीनाची मते तपासून पाहिली. हा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६८ मध्ये ऑर्ता वारला. पुढल्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जाळण्यात आले. १५८० मध्ये ऑर्तावर मरणोत्तर ठपका ठेवून त्याची हाडे उकरून काढली आणि तीही जाळली. तोवर त्याच्या ग्रंथाचा लॅटिन सारांश अँटवर्पला छापून निघाल्याला तेरा वर्षे झाली होती.