दुपारी एकचा निकाल

गुरुवार, 15 जुलै 2021
कोविडमुळे दहावीची परीक्षा रद्द झालेली. नववीचे 50, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20, असा गुणांचा हिशेब. पेपर झालेच नाहीत, म्हणून बैठक क्रमांक शोधायची लिंक राज्य मंडळाने आज दिली. रात्रीपर्यंत घरोघरी क्रमांक लिहून ठेवलेला आणि उद्याची एकची वेळ पक्की.

शुक्रवार, सकाळी 11
रबाळे गावात ज्या घरी दहावीचं पोर आहे, तिथे देवापुढे साखर ठेवलेली. पलीकडे एमआयडीसीत डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती. अशा ठिकाणचे डिझेल जनरेटर नुसते सुरू करून बघत नाहीत. त्यांना लोड बँक जोडतात, म्हणजे वीज खाऊन गरम हवा ओकणारा भलामोठा पेटारा, आणि पूर्ण भारावर तासन्‌तास चालवतात. मग मुद्दाम मेन स्विच पाडतात. बॅटरी तेवढा वेळ धरते का, जनरेटर उठतो का, एक उठला नाही तर बाकीचे सांभाळतात का, हे बघायला.

सॉफ्टवेअरमध्येही हे दोन प्रकार आहेत. लोड टेस्टिंगमध्ये अपेक्षित गर्दी लोटून बघायचं, पान वेळेत उघडतं का. स्ट्रेस टेस्टिंगमध्ये गर्दी वाढवत न्यायची, यंत्रणा मोडेपर्यंत. आधी काय तुटतं, बाकीचं धरून राहतं का, गर्दी ओसरली की आपोआप उभी राहते का, हे तिथे कळतं. पहिल्या चाचणीचा अहवाल साहेबांना आवडतो. दुसरीत नापास होणं हेच काम असल्यामुळे तिला वेळ मिळत नाही.

दुपारी 12.30
विद्यार्थी पावणेसोळा लाख. तासाभरात सारखे विभागले तर सेकंदाला साधारण 440. पण निकाल कोणी सावकाश बघत नाही. सगळे पहिल्या पाच मिनिटांत आले तर सेकंदाला 5,250, तेही माणशी एकदाच बटण दाबलं असं धरून. शिवाय मामा, काकू, वर्गशिक्षिका, क्लासवाले सर आहेतच.

दुपारी 1.00
निकाल खुला. राज्य 99.95 टक्के, कोकण विभाग 100. संकेतस्थळं मात्र उघडत नाहीत.

1.05
‘‘नुसतं फिरतंय गं.’’
‘‘परत टाक नंबर. बाबांच्या फोनवरूनही बघ.’’
खरा घात इथेच होतो. सर्व्हर एका वेळी ठरावीक विनंत्या हाताळतो, बाकीच्या रांगेत. रांग लांबली की पोरगी कंटाळून रिफ्रेश मारते. जुनी विनंती बऱ्याचदा आतच राहते, डेटाबेसकडून उत्तर आणते आणि ते घ्यायला समोर कोणीच नसतं. राबणं चालूच, पदरात काही नाही. माणसं तेवढीच, विनंत्या दहापट. विद्यार्थ्यांची परीक्षा झाली नव्हती. संकेतस्थळाची भरचौकात झाली.

2.00 ते 4.00
तेच. अशा वेळी सर्व्हर पुन्हा सुरू करून भागत नाही, कारण दाराशी तीच झुंड उभी असते. झेपतील तेवढ्यांना आत घेऊन बाकीच्यांना ‘दहा मिनिटांनी या’ असं सरळ सांगणारं साधं पान आधी तयार असावं लागतं. ते किती गर्दीला लावायचं, हा आकडा स्ट्रेस टेस्टिंगमधून निघतो.

संध्याकाळ
दिवस असाच गेला. साखर तशीच. पुढे शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी चौकशीचे आदेश दिले.

बुधवार, 21 जुलै
अकरावी प्रवेशासाठीच्या सीईटीची ऑनलाइन नोंदणी आदल्याच दिवशी सुरू झालेली. तांत्रिक कारणाने आज बंद. पुन्हा सुरू झाली 26 तारखेला, आणि ती सीईटीच मुंबई उच्च न्यायालयाने 10 ऑगस्टला रद्द केली.

मंगळवार, 3 ऑगस्ट, दुपारी 4.00
बारावीचा निकाल. या वेळी अनेक पत्ते, एमकेसीएल आणि एनआयसी या संगणक संस्थांचेही. गर्दी वाटली गेली, हे शहाणपणाचंच. पण त्यातला एखादा पत्ता बंद पडून त्याची गर्दी उरलेल्यांवर कोसळली असती, तर ते किती मिनिटं टिकले असते, हे गर्दी वाटून कळत नाही. त्यासाठी एक पत्ता आपणच पाडून बघावा लागतो, निकालाच्या आधी.